सोडायचं ते नेमकं काय?

नमस्कार मंडळी. बौद्ध साधनेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आता सगळं सोडायचं का?"

अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा बडा व्यापारी. बुद्धांनी त्याला गृहस्थाची चार सुखं सांगितली. सचोटीने, घाम गाळून मिळवलेली संपत्ती असणं. ती उपभोगणं आणि तिच्यातून सत्कर्म करणं. कुणाचं देणं नसणं. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष वागणं. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकीही भरत नाहीत, हेही सांगितलं. गृहकर्जवाल्यांनी तिसऱ्यापाशी उसासा टाकायला हरकत नाही!

मग सोडायचं काय? हे मला गुडघ्याने शिकवलं. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान' असतं. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत. हळूहळू गुडघ्यात कळ यायला लागते. नीट बघितलं तर ती सलग नसते. ठणकते, जळजळते, मध्येच गायब होते, इंचभर सरकून परत उगवते. असह्य होते ती तिच्या जोडीने चाललेली बडबड: तास कधी संपणार, गुडघा कायमचा गेला तर? छान वाटू लागलं तरी सुटका नाही. ते टिकावं म्हणून मन लगेच मूठ आवळतं. ती मूठ सोडायची.

बुद्धांनी उपादानाचे, म्हणजे घट्ट धरून ठेवण्याचे, चार प्रकार सांगितले. त्यांत विषयसुखांच्या पंक्तीला मतंही आहेत. मला तीच सर्वांत चिवट वाटतात. अडगळ एका रविवारी निघते. "माझंच बरोबर होतं" हे वर्षानुवर्षं निघत नाही. हसू नका, मी मंडळाच्या बैठकांबद्दल बोलत नाहीये.

मात्र ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला "दे सोडून" म्हणणं मला अजिबात पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तो काही झालं गेलं विसरायला नव्हे. विषमता नाकारून समतेने जगण्यासाठी स्वीकारला. राग जरूर सोडावा, हक्काची मागणी कशाला सोडायची?

साधनेच्या शेवटी मैत्रीभावना करतात, सर्वांचं मंगल चिंतायचं. ज्यांच्याशी माझं वाजलंय त्यांच्यापाशी आले की मी अजून अडखळते. मग त्यांना रांगेत जरा मागे उभं करते आणि आधी बाकीच्यांचं उरकून घेते.