शेवटच्या ठिपक्यापुढची तीन अक्षरं

(दृश्य: जुना जाडजूड मॉनिटर. ईमेलची खिडकी उघडी.)

४ मे २०००, गुरुवार. ऑफिसात नुकतंच कुणीतरी येऊन बसलंय. इनबॉक्समध्ये एक मेल, विषय 'आय लव्ह यू'. पाठवणारे कोण? तर आजवर हसून कधी 'गुड मॉर्निंग'सुद्धा न म्हणालेले साहेब!

खाली एक फाइल जोडलेली. नाव दिसतं: 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी'. टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडेल, वाचू, बंद करू. त्यात कसली भीती?

(दृश्य: फाइलचं नाव पडदाभर. उजवीकडे हळूहळू उमटणारी अक्षरं.)

पण नाव तिथे संपत नव्हतं. पुढे आणखी एक ठिपका होता आणि तीन अक्षरं: व्हीबीएस. व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट. म्हणजे चिठ्ठी नव्हे, हुकूमनामा. उघडला की संगणक तो मुकाट्याने पाळायला लागतो.

गंमत अशी की फाइलने आपलं नाव लपवलंच नव्हतं. लपवलं होतं विंडोजने. ओळखीच्या प्रकाराची फाइल असली की तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या ठिपक्यापुढची अक्षरं, दाखवायचं नाही, हा विंडोज ९५ पासूनचा शिरस्ता. नावं सुटसुटीत दिसावीत, एवढाच हेतू. त्या सुटसुटीतपणामुळे 'व्हीबीएस' गळलं आणि 'टीएक्सटी' उरलं.

डबल क्लिक झालं. स्क्रिप्टने आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममधल्या प्रत्येक पत्त्यावर तेच प्रेमपत्र धाडलं आणि डिस्कवरच्या जेपीजी फोटोंच्या जागी स्वतःच्या प्रती लिहून ठेवल्या. बघता बघता ब्रिटिश संसदेला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. माग निघाला मनिलापर्यंत, ओनेल डी गुझमन नावाच्या विद्यार्थ्यापर्यंत. इंटरनेट परवडत नव्हतं, म्हणून त्याला या स्क्रिप्टने दुसऱ्यांचे पासवर्ड चोरायचे होते. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, तो सुटला.

(दृश्य: आजचा लॅपटॉप. माउसचा बाण.)

तो शिरस्ता अजून मोडलेला नाही. नव्या विंडोज ११ मध्येही एक्स्टेन्शन झाकलेलंच येतं. फाइल एक्स्प्लोरर उघडा. वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. टिक करा.

आता डाउनलोड्समध्ये बघा. मघाशी 'बिल डॉट पीडीएफ' दिसत होतं ना? लाल चिन्हसुद्धा पीडीएफचंच. आता नाव दिसतंय 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. म्हणजे तो प्रोग्रॅम आहे. चिन्हावर जाऊ नका, ईएक्सई बनवणारा त्याला हवं ते चिन्ह चिकटवू शकतो.

एक पळवाट मात्र उरते. शॉर्टकट फाइलचं 'एलएनके' हे एक्स्टेन्शन टिक केल्यावरही दिसत नाही. तिथे उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघायच्या.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश.)

आणि हा आपल्याकडचा ताजा प्रकार. अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण, सोबत फाइल. इथे कुणी काही झाकलेलंही नाही. नावाच्या शेवटी चक्क 'एपीके' लिहिलंय, म्हणजे फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप.

नवरा-नवरीची नावं अजून कुणी वाचलेली नाहीत. अंगठा मात्र फाइलवर पोचलाय.