पुस्तकातली गाडी आणि गॅरेजमधली गाडी

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच एक कबुली देतो. निमंत्रणपत्रिकेवर 'मसल कार' असं छापलंय आणि बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे ती माझी १९६७ ची फोर्ड मस्टँग. २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, २०० हॉर्सपॉवर. जाणकार म्हणतील, ही मसल कार नव्हे, पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी. मसल कार म्हणजे १९६४ ची पाँटिॲक जीटीओ, मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं थोराड इंजिन ठासून बसवलेली. दर ऑगस्टला इथे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते तेव्हा रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे हा वाद आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या वादाइतक्याच तावातावाने घालतात. मी त्यात पडत नाही. गंज दोन्ही गाड्यांना सारखाच लागतो.

मला विचारलं गेलंय की, अशी गाडी नव्याने उभी करायची तर पुस्तकांचा कितपत उपयोग होतो? माझ्या गॅरेजच्या फळीवर अकरा पुस्तकं आहेत. त्यातल्या तिघांनी मला पैसे वाचवून दिले, एकाने तीन आठवडे घालवले, आणि उरलेल्यांतली बरीचशी चित्रं बघायला बरी आहेत.

पैसे वाचले ते गाडी घेण्याआधीच, आणि हे फार कमी लोक करतात. गाडी आधी येते, पुस्तक मागाहून येतं. मी उलटं केलं. एका पुस्तकात लिहिलं होतं की या काळातल्या मस्टँगची काच जिथे बॉनेटला भेटते, तिथल्या जाळीखाली पत्र्याच्या दोन थरांची पोकळी असते. हवा आत घेणाऱ्या झडपेभोवतीचा पत्रा तिथेच कुजतो. वरून दिसत नाही, हात पोचत नाही. मग करायचं काय? जाळीवर पाणी ओता आणि आतल्या गालिच्याकडे बघा. मी विकणाऱ्याच्या दारात एक मग पाणी मागितलं. त्याला वाटलं, मला तहान लागलीय. पाणी जाळीत ओतलं आणि दहा सेकंदांत ड्रायव्हरच्या पायाखाली टपटप सुरू झाली. त्याचा चेहरा पडला, किंमतही पडली. गाडी मी घेतलीच, पण आत काय वाढून ठेवलंय ते माहीत असताना घेतली.

आता पुस्तकं म्हणजे सगळी एकच जात नव्हे. कंपनीचं शॉप मॅन्युअल डीलरकडच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं. शेव्हर्लेचं असेंब्ली मॅन्युअल कारखान्यातल्या जोडणीसाठी. त्यात कॅमॅरोचा कुठला क्लिप कुठे बसतो ते रेघ न रेघ काढलेलं सापडेल, पण तो काढायचा कसा याबद्दल चकार शब्द नाही. कारखान्यात काढणार कोण? तिसरी जात हौशी लोकांनी पुढे लिहिलेल्या मार्गदर्शकांची. हीच पुस्तकं गंजाबद्दल बोलतात, कारण कंपनीने गंजाचं पुस्तक कधी छापलं नाही. मस्टँगवाल्यांची याबाबत चैन आहे. एकट्या १९६७ च्या मॉडेलच्या पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यामुळे पुस्तकंही रग्गड आणि नवे पत्रेही मिळतात.

शॉप मॅन्युअल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी होती. ते लिहितात, 'एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट काढा.' झालं, पुढची पायरी. माझ्या त्या एका ओळीला दोन संध्याकाळी लागल्या. तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, टॉर्चने तापवा, थोडा घट्ट करा, मग सैल करा, पुन्हा तेल. बोल्ट सुटताना बारीक करकरतो. तुटायच्या आधी मात्र तो अचानक मऊ लागतो, लोण्यात पाना फिरवल्यासारखा. मला हा फरक कळला तो दुसरा बोल्ट तुटल्यावर. आईच्या पाककृतींच्या वहीत 'मीठ चवीनुसार' असायचं ना, त्यातलाच हा प्रकार.

पाना म्हटल्यावर आठवलं. मी भारतातून येताना मिलिमीटरचे पाने हौसेने बॅगेत घालून आणले होते. अर्ध्या इंची डोक्याचा बोल्ट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो असं वाटतं. बसतो आणि डोकं गोल करून टाकतो. पान आणि पाना दोन्ही त्याच गाडीचं लागतं. असंच साठच्या दशकातल्या डॉज आणि प्लिमथबद्दल. त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. चाक ज्यावर बसतं त्या स्टडच्या टोकाला इंग्रजी 'एल' ठोकलेला असतो. पण माहीत नसलेला माणूस टॉमी लावून जोर करत राहतो आणि तो स्टड मोडतो. त्या गाड्यांच्या पुस्तकातलं हे एक वाक्य पुस्तकाच्या किमतीहून महाग आहे.

आता ते तीन आठवडे. इंजिन मी उघडलं नव्हतं, घेताना 'नुकतंच केलेलं आहे' असं सांगितलं होतं. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नवा बसवला, वायरी पुस्तकाप्रमाणे लावल्या. २८९ चे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८, मला झोपेतून उठवून विचारा. स्टार्टर मारला की इंजिन धडधडायचं, खोकायचं, कार्बोरेटरमधून भडका काढायचं. टायमिंग तपासलं, प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला. पुस्तकावर शंका घ्यायचं डोक्यातच आलं नाही. छापलेल्या अक्षरावर आपला लहानपणापासून विश्वास!

शेवटी एका शेजाऱ्याने, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढलेल्या माणसाने, सगळे प्लग काढायला लावले. मला म्हणाला, तू क्रँक फिरव, मी अंगठा लावतो. एक नंबरच्या भोकाला त्याने अंगठा लावला, आतल्या हवेने तो ढकलला. तिथून पाव फेरा फिरवला की पाच नंबरने अंगठा ढकलायला हवा, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरने. तिथे काहीच नाही. दाब आला तो समोरच्या रांगेत, तीन नंबरला. तो हसायला लागला. आधीच्या कुणीतरी आत दुसऱ्याच क्रमाची कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, घातली होती. फोर्डच्या ३५१ विंडसर इंजिनाचा क्रम १-३-७-२-६-५-४-८, आणि १९८२ मध्ये ५ लिटरच्या एचओ, म्हणजे जास्त ताकदीच्या, इंजिनालाही फोर्डने तोच दिला. दोन्ही क्रम कागदावर एकाखाली एक लिहून बघा. १, २, ६ आणि ८ दोन्हींत जागच्या जागी आहेत. म्हणून माझं अर्धं इंजिन बरोबर पेटत होतं आणि अर्धं भलत्याच वेळी. चार वायरी बदलल्या आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

पुस्तक चुकलं होतं का? अजिबात नाही. ते कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल खरंच बोलत होतं. मधल्या पन्नास वर्षांत किती हात लागले, कुणी स्वस्तात काय बसवलं, हे त्याला कुठून कळणार? तेव्हापासून मी पुस्तक उघडतो ते हे बघायला, की माझी गाडी त्याच्यापासून कुठे कुठे फुटून निघाली आहे.

काही सल्ले तर बिनचूक असूनही आज पाळायचे नाहीत. त्या काळी ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवत, आणि त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असायचं. असं कुठे वाचलंत तर पान उलटा. तेलाचंही तेच. जुन्या कॅमशाफ्टवर टेकणारे टॅपेट सपाट, घासत चालणारे. त्यांना वाचवणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग आजच्या साध्या मोटार ऑइलमध्ये कमी केलेलं असतं, कारण ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतं. नवी कॅमशाफ्ट घालून दुकानातलं पहिलं तेल ओतलंत तर पहिल्या अर्ध्या तासातच ती खरवडून निघू शकते. १९६७ च्या पुस्तकाला या कमतरतेचा पत्ता असणं शक्य नव्हतं.

बरं, शॉप मॅन्युअल मी सोबत आणलंय, टेबलावर आहे. खुशाल चाळा, हात धुवायची गरज नाही, आधीच तेलकट आहे. इग्निशनच्या प्रकरणात पेन्सिलने लिहिलेली एक ओळ दिसेल, 'या गाडीत ३५१ चा क्रम', खाली तारीख. त्याच पानाच्या कोपऱ्यात एक काळा अंगठा उमटलाय. तो माझा नाही, त्या शेजाऱ्याचा आहे. चला, आता बाहेर जाऊ, मी बॉनेट उघडतो. आणि जाळीत कुणी पाणी ओतून बघणार असेल तर जरूर ओता.