अडीच मिलिमीटर

(पुण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघात आषाढात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘एवढ्या पावसात सगळे आलात,’ असं आत्ता प्रास्ताविकात म्हणाले. हवामान खात्याला विचारलंत तर ते म्हणतील, कुठे आहे पाऊस? चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला, तरच तो दिवस त्यांच्या हिशेबात पावसाचा. सकाळपासून चाललेली ही भुरभुर तेवढी भरेल का, मला शंका आहे. म्हणजे ‘कपडे वाळेनात, पापड सादळले’ म्हणून ज्या दिवशी आपण वैतागतो, तो पुष्कळदा सरकारदरबारी कोरडाच असतो.

याला कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना थंड होतात आणि बरंचसं पाणी लोणावळा-ताम्हिणीकडेच टाकून मोकळे होतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर आणि आपल्या शिवाजीनगरला सातशेच्या आसपास. आपल्याला मिळतो तो उरलासुरला पाऊस.

मला तो आवडतो. कोकणातल्या पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे पत्र्यावरचा आवाज वेगळा, नारळाच्या झावळीवरचा वेगळा, हे खुर्चीत बसून ओळखता येतं. भुरभुरीतला थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतो आणि सेकंदाला दोनेक मीटर एवढ्याच वेगानं उतरतो. जोरदार सरीतले टपोरे थेंब आठ-नऊ मीटरच्या वेगानं आदळतात.

मातीच्या वासाचंही तसंच. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि बारीक तुषारांबरोबर वास उडतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. हलक्या आणि मध्यम पावसात असे तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणजे वासाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान. अर्थात आवारभर पेव्हर ब्लॉक बसवल्यावर वास येणार कुठून? जाऊ दे, सोसायटीचे सेक्रेटरी समोरच बसलेत.

एक मात्र स्पष्ट सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेला पूर ज्यांनी भोगला, त्यांना पावसाचं कौतुक ऐकवायला मी आलेलो नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या घरांत रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. शांतपणे पाऊस बघायला आधी डोक्यावर न गळणारं छप्पर लागतं.

ते असेल, तर पुढचं. ‘मन शांत करा’ म्हणून मन शांत होत नाही. त्याला काम द्यावं लागतं. मी पाऊस मोजतो. तळाशी आणि तोंडाशी सारख्याच रुंदीचा सरळ डबा घ्या. गच्चीवर कठड्यापासून आणि झाडापासून लांब ठेवा, वाऱ्यानं पडू नये म्हणून बाजूनं विटा लावा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, आत पट्टी बुडवा आणि आकडा वहीत लिहा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पडला, तर नऊशेहून जास्त लिटर पाणी. हा हिशेब एकदा केलात की गच्चीच्या पन्हळीकडे बघण्याची नजरच बदलते.

पेपरात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगावचे आकडे येतात आणि एकाच दिवशी तिन्हीकडचे वेगळे असतात. तुमच्या डब्यातला चौथा. तो जुळला नाही तर खात्याला फोन करू नका. कोथरूडला सर आली म्हणून हडपसरला येतेच असं नाही. ज्या दिवशी तळ नुसताच ओला असेल, त्या दिवशी ‘नोंदीपुरता’ असं लिहा. पुण्यात असे दिवस पुष्कळ येतील.

आणि मोजून झालं की डबा रोज उपडा करा. डासांची अंडी त्यात आठवडाभर राहिली, तर महापालिकेचे लोक दारात येतील आणि त्यांना पर्जन्यमापक वगैरे सांगून काही उपयोग होणार नाही. चला, चहा आलाय. प्रश्न चहा घेता घेता विचारा.