राज्य बदलते तेव्हा पेन्शन कोण देणार?

(पेन्शनर दिनानिमित्त जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पेन्शन खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, नोकरी करून मिळवलेला हक्क आहे, हे त्यात ठणकावून सांगितले. पण ज्या सरकारकडे हक्क मागायचा ते सरकारच उरले नाही तर? आज मला याच प्रश्नावर बोलायचे आहे.

१९४७ मध्ये हा प्रश्न आपल्याच देशापुढे आला. स्वातंत्र्याच्या कायद्याच्या १० व्या कलमात आयसीएस (इंग्रजी अमलातली वरिष्ठ सनदी सेवा) वगैरे भारतमंत्र्यांनी, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांनी, नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनची हमी होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत त्यावर जोरदार टीका झाली. ज्यांनी आपल्या माणसांना तुरुंगात टाकले त्यांना हमी कशाला, हा राग मी समजू शकतो. तरी सरदार पटेल ठाम राहिले: शब्द दिला आहे, तो पाळायचा. म्हणून राज्यघटनेत ३१४ वे कलम आले. पुढे १९७२ च्या २८ व्या घटनादुरुस्तीने तेच कलम काढून टाकले. राज्यघटनेत लिहिलेली हमीसुद्धा संसदेला मागे घेता येते, हे ध्यानात ठेवा.

याउलट, इंग्लंडात राहणाऱ्या निवृत्तांच्या पेन्शनसाठी १९४८ च्या करारात भारताने आपल्या स्टर्लिंग शिलकीतून, म्हणजे इंग्लंडकडे जमा असलेल्या पौंडांतून, सुमारे १६.८ कोटी पौंड एकरकमी बाजूला काढून दिले. हाँगकाँगनेही ही दक्षता घेतली. चीनकडे हस्तांतर १९९७ चे, पण पेन्शनचा राखीव निधी १९९५ लाच उभारला. हाँगकाँगची राज्यघटनाच म्हणावी अशा ‘मूलभूत कायद्या’च्या १०२ व्या कलमात तर स्पष्टच लिहिले: हस्तांतराआधी निवृत्त झालेल्यांनाही पूर्वीपेक्षा कमी मिळणार नाही, माणूस कोणत्याही देशाचा असो, कुठेही राहो. अवलंबितांचाही त्यात उल्लेख आहे. माझ्या मते खरी सुरक्षा ही अशी: देणारा कोण ते आधी ठरलेले आणि पैसा आधी वेगळा काढलेला.

आपल्या खानदेशाने यातले थोडे अनुभवले आहे. १ मे १९६० ला सार्वभौमत्व बदलले नाही, राज्य बदलले. नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. मुंबई पुनर्रचना कायद्यात पेन्शनच्या बोज्याची वाटणी वेगळ्या परिशिष्टात दिली आहे. तत्त्व असे की, विभाजनानंतर निवृत्त होणाऱ्याला जे राज्य पेन्शन मंजूर करील त्यानेच ती द्यायची. आधीच्या नोकरीचा वाटा दोन्ही सरकारांनी आपसात चुकता करायचा. त्या हिशेबासाठी म्हाताऱ्या तलाठ्याने किंवा शिपायाच्या विधवेने दोन राज्यांच्या कोषागारांत खेटे घालायचे नाहीत.