सांबऱ्याहून मुंबई किती लांब?

नमस्कार श्रोतेहो.

परवा खानापूरचा भाचा मोबाइल घेऊन आला. म्हणाला, "मामा, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळापासून मुंबईपर्यंत हवाई अंतर 400 किलोमीटरच्या आसपास. विमान तासाला 800 जातं. म्हणजे अर्धा तास की! मग तिकिटावर सव्वा तास कसा?"

हिशेब त्याचा चुकला नव्हता. चूक होती ती सरळ रेघेत. मोबाइल दाखवतो ते दोन धावपट्ट्यांमधलं सर्वांत जवळचं अंतर. पृथ्वी गोल, म्हणून ती रेघही किंचित वाकडी, पण एवढ्याशा पल्ल्यात ते कळतही नाही. विमान मात्र त्या रेघेवरून जात नाही. मुंबईला बहुतेक वेळा पूर्वेकडून, घाटकोपरच्या अंगानं उतरतात. आपण दक्षिणेकडून जाणार, म्हणजे आधी पूर्वेला वळसा घ्यायचा. त्यात गर्दी असली तर आकाशातच घिरट्या. एकदा मी तीन घिरट्या मोजल्या, मग मोजायचं सोडून दिलं.

दुसरं, 800चा वेग चढल्यावरचा. चढताना, उतरताना तो कितीतरी कमी. शिवाय पंख्याचं एटीआर विमान असलं तर वेग 500च्या आतबाहेरच. आणि तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच. चाकांचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, सगळं त्यात आलं.

आपला सांबऱ्याचा तळ तसा जुना, 1942 सालचा, दुसऱ्या महायुद्धातला. नवी इमारत 2017 ची. 2014 साली शहराचं सरकारी नाव बदललं, बॅगेवरच्या चिठ्ठीत विमानतळाची खूण मात्र अजून आयएक्सजीच. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, त्या तीन अक्षरांना काही देणंघेणं नाही.

भाच्याला म्हटलं, आता घरापासून मोज. खानापूर ते सांबरा 35-40 किलोमीटर. तळावर दोन तास आधी. तिकडे उतरल्यावर बॅगेची वाट बघणं, मग मुंबईची वाहतूक. अर्ध्या तासाचे पाच-सहा तास झाले. निपाणीच्या आत्यानं तर वेगळाच प्रश्न काढला: "आम्हाला कोल्हापूरचं उजळाईवाडीच जवळ नाही का रे?" आहेच की! निपाणीहून कोल्हापूरचा विमानतळ सांबऱ्याच्या निम्म्याहूनही जवळ आहे, आणि तिथून मुंबई हवेतून 300 किलोमीटरच्या घरात. फक्त तुम्हाला हव्या त्या दिवशी विमान आहे का, ते आधी बघा.

बेंगळुरूचं म्हणाल, तर हवाई अंतर 445 किलोमीटरच्या आसपास. पण बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून लांब. मी अजून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनंच जातो. संध्याकाळी जेवून गाडीत बसायचं, सकाळी बेंगळुरू. झोपेचे तास मी प्रवासात धरत नाही.