कात्री जरा बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी. थंडी आता बऱ्यापैकी पडलीय, सकाळी गिझर लावल्याशिवाय आंघोळीला जायची हिंमत होत नाही, आणि या दिवसांत बागेची आवड असलेल्या माणसाचे पाय आपोआप नर्सरीकडे वळतात. मीसुद्धा वर्षानुवर्षं तेच केलं. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, ते बघून आलं की डोळे फिरतात, मग पिटुनिया आणा, पॅन्सी आणा, डायंथस आणा, दोन महिने घर कसं लग्नघरासारखं दिसतं आणि होळीच्या आसपास ऊन तापलं की सगळं माना टाकतं. मग कुंड्या रिकाम्या करायच्या, पुढच्या डिसेंबरला परत पैसे घेऊन जायचं. त्या फुलांशी माझं काही भांडण नाही. पण आपल्याच डोंगरातली, आपल्याच परसातली अशी झुडपं आहेत की जी नेमकी याच दिवसांत फुलतात आणि एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलतात, ती सोडून आपण ट्रेमधली रोपं आणत बसतो, याचं आता मला हसू येतं.

सुरुवात कोरांटीपासून करू. आजीच्या अंगणात होती, आठवतंय का? जांभळी, पांढरी, गुलाबी, आणि एक ती पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली. वास काही नाही, पण दिवाळीच्या सुमाराला जी सुरू होते ती संक्रांतीपर्यंत देवाला आणि वेणीला दोन्हीकडे पुरते. गंमत म्हणजे हल्ली नर्सरीत ती फिलिपिन्स व्हायोलेट म्हणून विकतात. अहो, ती मूळची भारत, म्यानमार, दक्षिण चीन या पट्ट्यातली, फिलिपिन्सचा संबंध फक्त त्या नावापुरता. तर नर्सरीत गेलात की सरळ कोरांटी म्हणून मागा, नाहीतर विलायती नावाचे विलायती पैसे द्यावे लागतील!

आता माझा किस्सा सांगते. आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेने मी कोरांटी लावली होती, पंधरावीस झुडपं, सगळी फांद्या टोचून केलेली. पावसाळ्यात दणकून वाढली, दसऱ्यानंतर बघितलं तर शेंड्याशेंड्यांना कळ्यांचे ते दातेरी गुच्छ दिसायला लागलेले, मी खूश. आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी दिवाळीची साफसफाई म्हणून माळीकाकांनी अख्खी रांग विटेसारखी चौकोनी कापून काढली. मी खाली गेले तर झुडपं एकदम टापटीप आणि कळ्या सगळ्या कचऱ्याच्या गाडीत. म्हटलं, "काका, हे काय केलंत हो!" तर ते म्हणाले, "ताई, दिवाळीत सगळं नीट दिसाया पायजे का नको?" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, मीच सांगितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात रांगेला नावाला चार फुलं आली. पण पाण्याच्या टाकीमागे एक झुडूप होतं, तिथे भिंतीमुळे कात्री पोचली नव्हती, ते नोव्हेंबरभर असं फुललं की लोक मला विचारायला लागले, ही कुठली वेगळी व्हरायटी? व्हरायटी कसली, तीच कोरांटी, फक्त कापायची राहिलेली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोरांटीची फुलं येतात ती पावसाळ्यात वाढलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांकडे. म्हणजे छाटणी करायची तर फुलं संपल्यावर, होळीच्या आसपास एकदा चांगली खालपर्यंत, मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला की वाटलं तर शेंडे खुडा म्हणजे झाड डेरेदार होतं, आणि गणपतीनंतर मात्र हात लावायचा नाही. माळीकाकांशी आता तसा करारच झालाय, ते स्वतःच विचारतात, ताई आता चालवू का.

पिवळी काटेकोरांटीही अशीच, तिला वज्रदंती म्हणतात, टूथपेस्टच्या पाकिटावर नाव वाचलं असेल. पानांच्या बेचक्यात चांगले सुईसारखे काटे असतात, त्यामुळे लहान मुलांच्या वाटेवर लावू नका, कुंपणाला लावा. या कोरांट्यांवर लेमन पॅन्सी नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, तेव्हा पानं कुरतडलेली आणि काळपट काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच फवारा काढू नका. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर मात्र साबणाच्या पाण्याने धुवून काढा, तो फार चिवट.

दुसरा अडुळसा. हा म्हटलं की आपल्याला काढा आणि आईचा धाक एवढंच आठवतं. खोकल्याच्या औषधांत ब्रोमहेक्झिन असतं ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे बनवलेलं. पण फूल बघितलंय का कधी नीट? डिसेंबर-जानेवारीत पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, प्रत्येक फूल जबडा उघडल्यासारखं, आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा, जणू धावपट्टीच आखलीय. मी एकदा चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहिले, तर एक मोठा काळा भुंगा आला, त्या ओठावर धपकन बसला, अख्खं फूल वाकलं, आणि तो आत डोकं घालून बाहेर आला तेव्हा पाठीवर परागकणांची पावडर. चहा गार झाला. अडुळशाला गुरंशेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून गावाकडे बांधाला लावतात, आणि फार्महाऊसवाल्यांना, जिथे मोकाट जनावरांचा त्रास आहे, त्यांना तर मी डोळे झाकून हाच सांगते.

आता माझी खरी लाडकी, दशमुळी. हिला रानअबोलीही म्हणतात. सह्याद्रीतली आहे, जानेवारी ते मार्चमध्ये जंगलातून चालताना झाडांच्या सावलीत निळ्या फुलांचे तुरे दिसतात ना, तीच. फूल उमलतं तेव्हा निळं आणि सुकत जाताना लालसर होतं, म्हणजे एकाच तुऱ्यावर दोन रंग. नावावरून काहींना वाटतं ही दशमूळ काढ्यातली, तर नाही, दशमूळ म्हणजे बेल, शिवण, टेंटू, गोखरू अशा दहा वेगवेगळ्या वनस्पती, त्यात ही नाही. हिला कडक ऊन नको, आंब्याखाली किंवा पूर्वेच्या बाल्कनीत जिथे सकाळचंच ऊन येतं तिथे छान राहते. फक्त एक विनंती, ट्रेकला गेलात की उपटून आणू नका. देशी झाडांच्या नर्सऱ्या आता बऱ्याच झाल्यात, तिथे चौकशी करा.

धायटीबद्दल थोडक्यात, कारण तिला जागा लागते. कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या आणि त्यावर शेंदरी-लाल नळीसारखी फुलं, थंडी सरता सरता. शिंजीर पक्षी हमखास येतात. हीच फुलं आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात. हिचं कोरांटीच्या उलट आहे, फुलं जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून पावसाळ्यात उगाच भादरू नका.

कारवीचं काय असं एका बाईंनी विचारलं होतं. लावा की, पण ती 7-8 वर्षांनी एकदा फुलते, तेही पावसाळा संपताना. तेवढा धीर असेल तर जरूर लावा!

मातीचं सांगते. नुसती काळी माती नको, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, एक हिस्सा मुरूम किंवा जाडी वाळू आणि एक हिस्सा शेणखत मिसळा. कुंडी निदान 12 इंची. हिवाळ्यात लोक कौतुकाने रोज पाणी घालतात, तेही नको, बोट खुपसून बघा, दोन पेरं कोरडं लागलं तरच घाला. नवीन रोपं करायची तर जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या, तीनचार डोळ्यांच्या, टोचून ठेवा, कोरांटी आणि अडुळसा दोन्ही सहज लागतात.

आणि हो, शेजारच्या अंगणात कोरांटी असेल तर आत्ताच जाऊन रंग बघून ठेवा, पट्टेवाली दिसली तर फांदीला दोरा बांधून या, कारण जुलैत पानं सगळ्यांची सारखीच दिसतात. मी मागच्या वर्षी दोरा न बांधता पट्टेवाली म्हणून हौसेने सहा फांद्या आणल्या होत्या, आता फुलल्यात, सहाच्या सहा पांढऱ्या. चला, नमस्कार.