गळ्यातलं गजावर

[जळगाव, मे महिना. गाण्याच्या क्लासची खोली, कोपऱ्यात घरघरणारा कूलर.]

जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की व्हायोलिनच्या खुंट्या दगा देतात. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते आणि आत्ता लावलेली तार गर्रकन उतरते. मग सर खुंटीला खडू घासतात, आत दाबून पिळतात, पुन्हा षड्ज, म्हणजे 'सा', लावायला घेतात. पावसाळ्यात सगळं उलट. खुंट्या फुगून जाम आणि गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, केस ढिले.

इतके लाड मागणाऱ्या वाद्याकडे इथली मुलं फारशी वळत नाहीत. गर्दी असते ती हार्मोनियमला आणि तबल्याला. जी दोन-चार येतात, त्यांना सर आधी ज्येष्ठ व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांचं वादन ऐकवतात. आणि गज हातात द्यायच्या आधी बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, गाऊन घेतात.

"सर, मला गायचं नाहीये. वाजवायचंय."
"हो गं. आधी म्हण, मग वाजव."

[राजम यांची जुनी छायाचित्रं.]

राजम यांचा जन्म १९३८चा. घर कर्नाटक संगीताचं. वडील ए. नारायण अय्यर हेच पहिले गुरू. थोरले भाऊ टी. एन. कृष्णन कर्नाटक व्हायोलिनचे दिग्गज. त्याच घरातली ही मुलगी मात्र हिंदुस्तानी ख्यालाच्या ओढीनं बनारसला पोचली, तीही पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे. म्हणजे वादकाकडे नव्हे, गवयाकडे. वर्षानुवर्षं त्यांच्या मागे बसून साथ केली. साथीला बसणाऱ्याला गवयाचा श्वाससुद्धा ऐकावा लागतो. पुढचं सगळं त्यातून आलं, असं मला वाटतं.

[जवळून: वादकाची बैठक. उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं वाद्याचं टोक.]

आता ही बैठक नीट पाहा. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन खांदा आणि हनुवटीत धरतो. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे, वाद्याचं एक टोक घोट्यावर आणि दुसरं छातीशी, गळपट्टीच्या हाडाजवळ. वाद्य असं दोन्हीकडून अडकलं की डाव्या हातावर त्याचं ओझं राहत नाही. हात तारेवरून वरखाली धावायला मोकळा. काही जण बोटांना किंचित खोबरेल तेलही लावतात, फक्त ते गजाच्या केसांना लागू द्यायचं नाही.

हे सगळं मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यासाठी. शेताच्या बांधावरून लांबच्या माणसाला "ओ भाऊऽऽ" अशी हाक मारताना आवाज 'भा'वरून 'ऊ'वर जसा घसरत चढतो, तशी. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या, नसतात, म्हणून मधल्या सगळ्या जागा तारेवर असतात. पण म्हणूनच एकही जागा आखून दिलेली नसते. तारेची वाजणारी लांबी जेमतेम ३२-३३ सेंटिमीटर. खुली तार षड्जाची धरली, तर शुद्ध रिषभ, म्हणजे 'रे', साधारण साडेतीन सेंटिमीटरवर सापडतो. वरच्या सप्तकात तेच अंतर पावणेदोनवर येतं. म्हणजे तीच मींड वर घ्यायची तर बोटानं अर्धंच सरकायचं, आणि ऐकणाऱ्याला काही कळता कामा नये. राजम यांची मींड ऐकताना बोट कुठून निघालं आणि कुठं थांबलं याचा सांधा सापडत नाही. मी अनेकदा शोधला आहे.

पण माझ्या मते त्यांची खरी करामत उजव्या हातात आहे. ओंकारनाथजी काकुप्रयोगासाठी, म्हणजे आवाजाच्या भावानुसार चढउतारासाठी, गाजलेले. कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत. राजम तोच चढउतार गजाच्या दाबातून काढतात. गज बदलण्याची जागाही हात संपला म्हणून ठरत नाही, बंदिशीच्या अक्षरांवरून ठरते. जिथं शब्द तुटत नाही तिथं गज तुटत नाही.

[जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह.]

याला गायकी अंग म्हणतात. व्हायोलिनवादक गजाननराव जोशी, डी. के. दातार यांनीही आपापल्या परीनं ते जोपासलं; गजाननराव तर स्वतःच गवई. व्ही. जी. जोगांचा ओढा लयकारीकडे, म्हणजे लयीच्या खेळाकडे, जास्त, आणि त्याची झिंग वेगळी. हे सगळं मान्य करूनही शब्दाच्या बाबतीत माझा कौल राजम यांना. कदाचित हा आमच्या जळगावच्या कानाचा दोष असेल. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी इथं मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे गिरवत होते. शहर अजून त्यांच्या नावानं दर जानेवारीत संगीत महोत्सव भरवतं. अशा गावाला वाद्यातही आधी गाणं ऐकू यावं लागतं.

राजम यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सुमारे ४० वर्षं शिकवलं. १९८४ साली पद्मश्री, २००४ साली पद्मभूषण. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, भाची कला रामनाथ, सगळ्या व्हायोलिनवादक. आणि घराबाहेरची एक वाट या खोलीपर्यंतही येते. ओंकारनाथजी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्याच परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना इथली मुलं बसतात.

[क्लास. विद्यार्थिनी गज लावते.]

'गायकी अंग' हा शिक्का हल्ली कुणाच्याही नावापुढे लागतो. तो खरा की नुसता जाहिरातीपुरता, हे तपासायला सरांची एक साधी रीत आहे. ओळखीची बंदिश लावायची, डोळे मिटायचे आणि कुठल्या अक्षरावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली ते सांगायचं. समेची मात्रा नाही विचारत ते. अक्षर विचारतात.